शुगर असलेल्यांचा खोकला

2021 साली म्युकरच्या, म्हणजे ‘ब्लॅक फंगस’ नावाने गाजलेल्या बुरशीच्या, भीतीने लोकांनी फ्रिज घासले, काळे डाग पडलेले कांदे फेकले. फ्रिज-कांद्यांतून म्युकर होतो ही अफवाच होती. म्युकरचे बीजाणू मातीतून, कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून हवेत येतात. गोव्याच्या पावसाळ्यात तर काय विचारता! आपण ते श्वासावाटे घेतच असतो आणि बहुतेकांना काही होत नाही. घाबरायचंच असेल तर कांद्याला नको, शुगरला घाबरा.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहाचं प्रमाण देशात सर्वाधिक गोव्यात निघालं: 26.4 टक्के. देशाचा आकडा 11.4. बातमी वाचून आपण चहात साखर ढवळत राहिलो.

शुगर फार चढली की बुरशीला मारणाऱ्या पांढऱ्या पेशी ढिल्या पडतात. कीटोॲसिडोसिस झाला, म्हणजे इन्सुलिन कमी पडून रक्तात आम्ल साठलं, तर रक्तात बांधलेलं लोह सुटं होतं आणि म्युकर त्यावर पोसते. मग ती रक्तवाहिन्यांत शिरते, रक्त गोठतं, तो भाग मरतो. मेलेल्या भागात औषध पोचत नाही, म्हणून ॲम्फोटेरिसिन या बुरशीवरच्या औषधासोबत अनेकदा शस्त्रक्रियाही लागते. त्यात हे औषध किडनीला जड, आणि जुन्या मधुमेह्याची किडनी आधीच थकलेली.

नाक-डोळ्यांचं म्युकर आता सगळ्यांना ऐकून माहीत आहे. पण मधुमेह्यांत ते श्वासनलिकेत, मोठ्या वायुनलिकांतही वाढतं, हे फार कमी जणांना ठाऊक असतं. न हटणारा खोकला, बसलेला आवाज, श्वास घेताना घरघर, थुंकीत रक्त. छातीचा एक्स-रे सुरुवातीला जवळपास स्वच्छही येऊ शकतो! टीबीची तपासणी करायलाच हवी, कारण मधुमेह्यांना तोही जास्त होतो. पण ती निगेटिव्ह आली आणि खोकला तसाच राहिला, तर ‘दुर्बिणीने बघायचं का?’ असं डॉक्टरांना स्पष्ट विचारा. ब्राँकोस्कोपीत, म्हणजे श्वासनलिकेत दुर्बीण घालून केलेल्या तपासणीत, आतलं दिसतं, तपासायला तुकडाही काढता येतो.

माझा खरा राग आहे तो खोकल्यासाठी फार्मसीतून परस्पर आणलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्यांवर. शेजाऱ्याला गुण आला म्हणून आपल्या बाबांनाही त्याच द्यायच्या! स्टेरॉइडने शुगर वाढते आणि प्रतिकारशक्तीही दबते, म्हणजे बुरशीला दोन्ही दारं उघडी. दम्यासाठी डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइड वेगळं, ते घाबरून मनाने बंद करू नका.

‘एवढ्या दुर्मिळ आजारासाठी कशाला डोकं पिकवतोस?’ असं कोणीतरी लिहिणारच. दुर्मिळ आहे, मान्य. पण बुरशीने फुप्फुसातली मोठी रक्तवाहिनी कुरतडली तर रक्तस्राव आवरायला वेळच उरत नाही. तेव्हा आधीच विचारा. डॉक्टर वैतागले तर वैतागू देत.