ती टाचणी काढायला नको होती

आजोबांची पत्र्याची ट्रंक मी बऱ्याच वर्षांपूर्वी एका रविवारी 'लावली'. आत सुतळीने बांधलेले दहा-बारा गठ्ठे होते. सगळे सोडले. पत्रं एकीकडे, पावत्या दुसरीकडे, फोटो अल्बममध्ये. पाकिटं फाटकी होती म्हणून फेकली, गंजलेल्या टाचण्या उपसून काढल्या. संध्याकाळी हात धुताना काय समाधान वाटलं होतं!

आता कळतंय की इतकी वर्षं कसर आणि वाळवीला जे जमलं नव्हतं, ते मी एका दुपारात करून दाखवलं. कुठला कागद कुठल्या कागदासोबत ठेवला होता, ही माहिती त्या गठ्ठ्यांतच होती. बाकी कुठेही लिहिलेली नव्हती.

अभिलेखागारात, म्हणजे जुनी दप्तरं जपणाऱ्या संस्थेत काम करणाऱ्यांना हे फार आधीपासून ठाऊक आहे. फ्रान्समध्ये १८४१ साली सरकारी परिपत्रकच निघालं: एका कार्यालयाचं, एका घराण्याचं दप्तर एकत्र ठेवा, विषयवार फोडून दुसऱ्या कागदांत मिसळू नका. ऐकायला रुक्ष कारकुनी नियम आहे. पण एखादी पावती सुटी सापडली तर ती नुसती पावती असते. तीच एखाद्या तक्रारअर्जाला टाचलेली सापडली, तर ती पुरावा होते.

जर्मनीतल्या कोलोन शहराचं अभिलेखागार ३ मार्च २००९ रोजी कोसळलं. शेजारी भुयारी रेल्वेचं काम चालू होतं. दोन माणसं गेली, आणि साधारण तीस किलोमीटर लांबीच्या फळ्यांवर मावणारं दप्तर ढिगाऱ्यात आणि भूजलात गेलं. नव्वद टक्क्यांहून जास्त कागद बाहेर काढले, हे खरोखर थक्क करणारं आहे. फक्त ते बाहेर आले ते चिखलाने माखलेले, फाटलेले आणि एकमेकांत मिसळलेले. तेव्हापासून तिथली माणसं तुकडे जुळवत बसली आहेत आणि अजून बरंच बाकी आहे. कागद वाचला तरी त्याची जागा हरवली की काय होतं, ते बघायचं असेल तर कोलोन बघा.

याच्या अगदी उलट उदाहरण प्राचीन इजिप्तचा राजा तुतनखामुन याच्या थडग्याचं. १९२२ साली ते सापडल्यावर उत्खनन करणाऱ्या हॉवर्ड कार्टरने सोनं बघून घाई केली नाही. वस्तू हलवण्याआधी तिला क्रमांक, मग क्रमांकाच्या पाटीसकट हॅरी बर्टनने काढलेला फोटो, मग कार्डावर मोजमाप आणि चित्र. पाच हजारांवर वस्तू. काम संपायला सुमारे दहा वर्षं लागली. म्हणून आज आपल्याला राजाच्या सोन्याच्या मुखवट्याइतकंच हेही माहीत आहे की कुठली पेटी कशावर रचलेली होती आणि ममीवर वाळलेल्या फुलांचे हार होते. लोक मुखवट्यासाठी रांग लावतात. मला विचाराल तर खरा ठेवा म्हणजे ती कार्डं. ती ऑक्सफर्डमध्ये जपलेली आहेत आणि घरबसल्या इंटरनेटवर बघता येतात.

आता संग्रहालयांकडे येतो, कारण माझा खरा राग तिकडे आहे. मध्यंतरी एका संग्रहालयात (नाव सांगत नाही) एका काचेमागे तलवार होती. फलकावर लिहिलं होतं: 'तलवार. लोखंड.' अहो, लोखंड आहे हे दिसतंय! कुणाची, कुठून आली, दान म्हणून की लिलावातून, तुम्हाला ती जुनी कशावरून वाटते, यातलं काही तरी सांगा. 'याविषयी खात्री नाही' असं लिहिलंत तरी चालेल. तसं लिहिणाऱ्या संग्रहालयावर माझा उलट जास्त विश्वास बसतो. त्याच दालनाच्या टोकाला भिंतभर पडदा, आवाज, दिवे. त्याला पैसे होते. वस्तूंची नोंदवही लिहिणाऱ्या माणसाला मात्र नसतात, कारण नोंदवहीचं उद्घाटन करता येत नाही.

आणि जुनी पत्रं बारमाही उजेडात टांगणाऱ्यांना तर हात जोडतो. कागदासाठी ५० लक्स, म्हणजे डोळे सरावायला वेळ लागेल इतकाच मंद उजेड योग्य मानतात. प्रकाशाने झालेलं नुकसान साठत जातं. दिवा बंद केला म्हणून उडालेली शाई परत येत नाही. चांगली नक्कल लावा, खाली 'नक्कल' असं लिहा, आणि मूळ पत्र अंधारात राहू द्या. कुणाचं काही बिघडत नाही.

'स्कॅन करून टाका, प्रश्न मिटला' म्हणणारेही भेटतात. स्कॅन जरूर करा. पण बहुतेक जण फक्त मजकुराची बाजू करतात. कोरी म्हणून सोडलेली पाठ, पाकीट, पोस्टाचा शिक्का, समासातली पेन्सिलीची खूण हे सगळं बाहेरच राहतं. शिवाय यंत्रांचा काय भरवसा? १०८६ सालच्या इंग्लंडच्या 'डूम्सडे बुक'ची (जमीन-मालमत्तेच्या नोंदवहीची) नवी आवृत्ती म्हणून बीबीसीने १९८६ मध्ये लेझर तबकड्या काढल्या. पंधरा-सोळा वर्षांत त्या वाचणारी यंत्रं इतकी दुर्मिळ झाली की मजकूर सोडवायला तज्ज्ञ बसवावे लागले. नऊशे वर्षांपूर्वीचं कातडी पानांचं पुस्तक मात्र अजून उघडून वाचता येतं.

तर माझी ट्रंक. अल्बममध्ये एका तरुणाचा फोटो आहे, खुर्चीला हात लावून उभा. घरात कुणालाच तो ओळखू येत नाही. फोटोच्या डाव्या कोपऱ्यात दोन बारीक भोकं आणि त्यांच्यामध्ये गंजाची तपकिरी रेघ. टाचणी मीच काढलेली. गेले तीन रविवार मी भिंग आणि पट्टी घेऊन एकेका कागदाचा डावा कोपरा तपासतोय. काल एक पावती सापडली. भोकांतलं अंतर तेच, रेघेचा तिरकसपणाही तोच. पावतीवर एक नाव आहे, तेही घरात कुणी कधी ऐकलेलं नाही.

दोन्ही कागद आता एका पाकिटात ठेवलेत. टाचणी न लावता.