फिल्टर धुवू नका! सिक्लिडच्या टाकीवर फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

'मासे मरतायत? कारण एकच, शेवाळ!' अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या व्हॉट्सॲपवर जोरात फिरतोय. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: शेवाळ विषारी असतं आणि तेच माशांना मारतं. म्हणून टाकीतलं सगळं पाणी काढा, दगड, रेती आणि फिल्टर नळाखाली खळखळून धुवा. चिमूटभर मोरचूद (म्हणजे तांब्याचा क्षार, कॉपर सल्फेट) टाका. मूठभर मीठ टाका, टाकी तीन दिवस झाकून ठेवा आणि एक सकर मासा (काचेला चिकटून शेवाळ खाणारा) सोडा. एवढं करूनही मासा मेलाच, तर वाईट वाटून घेऊ नका, घरावरचं संकट त्याने स्वतःवर घेतलं.

माझ्या धाकट्या बहिणीने ठाण्याच्या घरी यातला मोरचूद सोडून शब्द न् शब्द पाळला. तिच्याकडे आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले सिक्लिड, म्हणजे त्या नावाच्या कुळातले मासे होते, पिवळेधमक यलो लॅब आणि त्यांच्या जोडीला काही निळे. तीन-चार दिवसांत जवळजवळ सगळे गेले. 'दादा, त्यात होतं तसंच केलं रे, धुण्यात काही राहिलं असेल का?' असं ती विचारते तेव्हा मला त्या मेसेजचा संताप येतो. धुण्यात काहीही राहिलं नव्हतं. धुतलं म्हणूनच मेले. आणि तोच मेसेज ज्या उत्साहाने पुढे ढकलला जातोय, तो बघता आणखी कित्येक घरांत हेच होणार आहे.

पहिला मुद्दा, शेवाळ विषारी असल्याचा. मलावीच्या खडकाळ किनाऱ्यावर राहणाऱ्या या माशांना एमबुना म्हणतात आणि त्यांची पोटं भरतात ती खडकावरच्या शेवाळावर आणि त्यात राहणाऱ्या बारीक जीवांवर. लेबिओट्रोफियस जातीच्या माशाचं तोंड नाकाखाली वळलेलं असतं, खडकाला जवळजवळ समांतर राहून त्याला शेवाळ खरवडता येतं. यलो लॅब त्याच शेवाळातले किडे टिपतो. ज्यांच्या टाकीत एमबुना आहेत त्यांनी मागच्या हिरव्या काचेवर टॉर्च मारून बघावं: शेवाळावर दातांचे बारीक ओरखडे दिसतील. लांब कशाला जायचं, गोव्यात ज्याला कालुंदर म्हणतात तो आपल्या खाड्यांतला मासा सिक्लिडच आहे आणि तोही शेवाळ खातो.

यात अर्धं सत्य आहे, तेवढं कबूल करतो. निळसर हिरवी, बुळबुळीत, चादरीसारखी सुटून येणारी आणि कुबट वास मारणारी जी साय कधीकधी रेतीवर धरते, ते खरं तर शेवाळ नसून सायनोबॅक्टेरिया असतात आणि त्यांतल्या काही जाती विष सोडतात. ती साय नळीने ओढून काढायलाच हवी. शिवाय पाणीच हिरवंगार झालं असेल, तर रात्री दिवा बंद झाल्यावर ते शेवाळ माशांच्या वाट्याचा प्राणवायू खातं, पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडझाप करताना दिसतात. तिथे एअर पंप रात्रभर चालू ठेवणं हा उपाय. पण काचेवरचं, दगडावरचं रोजचं हिरवं शेवाळ मासे मारत नाही. उलट ते पाण्यातला अमोनिया आणि नायट्रेट शोषून घेतं. ते वाढतं कारण दिवा दहा-बारा तास चालू असतो, टाकी खिडकीच्या उन्हात असते आणि खाणं जास्त पडतं. जास्त खाण्याने पाणी बिघडतं तेव्हा मासेही आजारी पडतात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी दिसतात म्हणून एकीने दुसरी घडवली, असा निष्कर्ष त्या मेसेजने काढला आहे.

आता दुसरा मुद्दा, आणि माझं खरं भांडण याच्याशी आहे. सगळं पाणी काढा, फिल्टर नळाखाली धुवा.

फिल्टरचा स्पंज पिळला की चॉकलेटी गाळ निघतो. दिसायला तो घाण दिसतो, पण स्पंजच्या भोकाभोकांतून आणि या गाळाला धरून जे जिवाणू राहतात त्यांच्यावर ती टाकी चालत असते. मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया टाकतो. एक गट त्या अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन्ही विषारी, नायट्रेट मासे बऱ्यापैकी सोसतात. नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं, आणि ते घातलेलंच असतं जिवाणू मारायला. स्पंज त्या नळाखाली चोळून धुतला की महिन्याभराची वस्ती काही मिनिटांत जाते. दगड आणि रेतीही धुतली की उरलीसुरलीही जाते. माशांचा अमोनिया मात्र थांबत नाही.

मग किती वेळ लागतो? मत्स्यपालनात एक ठोकताळा वापरतात: खाद्याचं वजन गुणिले त्यातल्या प्रथिनांचं प्रमाण गुणिले 0.092, एवढा अमोनिया तयार होतो. 40 टक्के प्रथिनांचं एक ग्रॅम खाद्य रोज घातलं तर रोज सुमारे 37 मिलिग्रॅम. टाकी 100 लिटरची असेल तर दर लिटरला दिवसाला 0.37 मिलिग्रॅम, म्हणजे तीन दिवसांत 1.1. जिवाणू असते तर हे दिसलंही नसतं.

आणि सिक्लिडच्या टाकीत हे दुप्पट-तिप्पट नाही, कित्येक पटींनी घातक का, ते 1975 साली एमर्सन, रुसो, लुंड आणि थर्स्टन यांनी कॅनडाच्या मत्स्य संशोधन मंडळाच्या नियतकालिकात छापलेल्या तक्त्यातून कळतं. जगभरचे मत्स्यतज्ज्ञ आजही तोच तक्ता वापरतात. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो, एक जवळजवळ निरुपद्रवी अमोनियम आणि दुसरा खरा विषारी अमोनिया. कुठलं रूप किती हे पीएच (पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी याचं माप) आणि तापमान ठरवतं. 25 अंशांना पीएच 7 असेल तर विषारी रूप जेमतेम 0.57 टक्के. पीएच 8 ला तेच 5.4 टक्के होतं. 8.5 ला 15 टक्के. मलावीच्या सिक्लिडना पाणी अल्कधर्मी लागतं, म्हणून आपण मुद्दाम कोरलची रेती घालून पीएच 8 च्या वर ठेवतो. आता वरचा 1.1 मिलिग्रॅमचा आकडा घ्या. पीएच 7 च्या टाकीत त्यातला विषारी भाग 0.006. पीएच 8.5 च्या टाकीत 0.17. लिटरला 0.05 च्या वर गेलं की कल्ल्यांना इजा व्हायला लागते, हे मत्स्यवैद्यकात सर्वमान्य आहे.

म्हणजे तीच धुलाई पीएच 7 च्या एखाद्या टाकीत कदाचित पचून गेली असती. सिक्लिडच्या टाकीत ती तिसऱ्या-चौथ्या दिवशी जिवावर उठू शकते. पहिल्या दिवशी पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं, फोटो काढावासा वाटतो. मग मासे खाणं टाळतात, कल्ले भराभर हलायला लागतात, एअर स्टोनच्या (हवेचे बुडबुडे सोडणाऱ्या दगडाच्या) वर गोळा होतात. बहिणीने पाठवलेल्या व्हिडिओत नेमकं हेच दिसत होतं. त्यानंतर तिने मेसेजवर विश्वास ठेवून पुन्हा सगळं पाणी बदललं, पुन्हा बिनक्लोरीनचं न करता थेट नळाचं.

याच मुद्द्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे जिच्याबद्दल कुणी बोलत नाही. एमबुनांचे नर दगडांच्या फटींवर हक्क सांगतात. सगळे दगड बाहेर काढून वेगळ्या रचनेत परत लावले की ते हक्क मोडतात आणि मारामारी नव्याने सुरू होते. अमोनियाने कल्ले जळालेला मासा त्या मारामारीत पळूही शकत नाही. मेलेल्या माशांचे फाटलेले पर बघून लोक 'काहीतरी रोग आला' म्हणतात.

फिल्टर कधीच साफ करायचा नाही असं मी म्हणत नाही. पाणी बदलताना टाकीतलंच पाणी बादलीत घ्यायचं, स्पंज त्यात दोन-चार वेळा पिळायचा, परत बसवायचा. तो गोरापान व्हायला नको, पाणी आरपार जाण्याइतपत मोकळा झाला की पुरे. दोन स्पंज असतील तर एका वेळी एकच. काचेवरचं शेवाळ घासून काढावं, पण मागची काच एमबुनांसाठी खुशाल ठेवावी. पाणी आठवड्याला पाव ते एक तृतीयांश बदलावं आणि नव्या पाण्यात दुकानात अँटी-क्लोरीन म्हणून मिळतं ते आधी मिसळावं.

तिसरा मुद्दा, चिमूटभर मोरचूद. द्राक्षबागायतदारांना मोरचूद चांगलं माहीत आहे, एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी, हे झालं बोर्डो मिश्रण. ते वेलीवर मारायचं असतं. तळ्यांत शेवाळावर मोरचूद वापरतात हे खरं आहे, पण तिथे आधी पाण्याची अल्कता (आम्ल पचवण्याची क्षमता) मोजतात आणि मिलिग्रॅममधल्या त्या आकड्याला शंभराने भागून मात्रा काढतात. अल्कता 100 असेल तर लिटरला एक मिलिग्रॅम. अल्कता 50 च्या खाली असेल तर वापरूच नका, असा नियम आहे, कारण मऊ पाण्यात तांबं माशांना थेट मारतं. घरच्या 100 लिटरच्या टाकीत एक ग्रॅम पडलं की मात्रा दहा मिलिग्रॅम झाली. चिमूट किती भरते हे कुणी वजन करून बघतं का? गोगलगायी आणि कोळंबी तर याहून कितीतरी कमी मात्रेत मरतात. वर मरणारं शेवाळ कुजून प्राणवायू खातं आणि अमोनिया सोडतं. बहिणीच्या घरी मोरचूद नव्हतं, एवढंच त्यातलं नशीब. मेसेजमधला हा मुद्दा कुणी लिहिला असेल त्याने तो ताबडतोब काढावा.

मीठ, अंधार आणि सकर हे तिन्ही भराभर. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही, त्यामुळे नायट्राइटच्या विषबाधेत मीठ खरोखर उपयोगी पडतं. त्याचं श्रेय मिठाला द्यायलाच हवं, पण शेवाळाशी त्याचा संबंध नाही आणि 'मूठभर' ही मात्रा नाही. पाणीच हिरवं झालं असेल तर तीन दिवसांच्या अंधाराने ते निवळतं, हेही खरं, मात्र मेलेलं शेवाळ तिथेच कुजतं, म्हणून नंतर पाणी बदलावंच लागतं आणि दिव्याचे तास सहा-आठवर आणले नाहीत तर ते परत येतं. सकर मात्र आणूच नका. दुकानात बोटाएवढा दिसतो, वाढून फूटभराहून मोठा होतो, भरपूर विष्ठा टाकतो, आणि मग माणसं त्याला नदीत सोडून येतात. उजनीच्या जाळ्यांत सकर सापडतात ते असेच.

राहिलं संकटाचं. हे वाक्य ज्याने लिहिलं त्याला कदाचित सांत्वन करायचं असेल. फ्लॉवरहॉर्न पाळणाऱ्या घरांत तर ते फार प्रेमाने सांगितलं जातं, आणि फ्लॉवरहॉर्न ही 1990 च्या दशकात मलेशियात माणसाने तयार केलेली सिक्लिडांची संकर जात आहे. कुणाच्या श्रद्धेला मला हात लावायचा नाही. पण या एका वाक्याने पुढचा प्रश्नच बंद होतो. मासा मेल्यावर पाणी तपासायचं असतं, त्याऐवजी नवा मासा आणला जातो, त्याच टाकीत, त्याच पाण्यात, आणि तोही मरतो. बहिणीच्या सासूबाईंनी तिला हेच सांगून धीर दिला. त्यांच्या मायेबद्दल शंका नाही. पण त्या टाकीत तेव्हाही दोन मासे जिवंत होते आणि त्यांना त्या तासाला पाण्याची गरज होती.

म्हणून ज्यांनी हा मेसेज वाचून कालपरवा फिल्टर धुतला आहे त्यांच्यासाठी: खाणं दोन-तीन दिवस पूर्ण बंद करा, निरोगी सिक्लिड तेवढं सहज सोसतो. रोज पाव ते एक तृतीयांश पाणी बदला, अँटी-क्लोरीन घालून, टाकीच्या तापमानाला आणून. एअर पंप बंद करू नका. ओळखीत कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरमधला न धुतलेला स्पंज मागा, तो त्यांच्याच पाण्यात बुडवून आणा आणि तुमच्या फिल्टरमध्ये बसवा, जिवाणू त्यासोबत येतात. दगड आता हलवू नका. थेंबांचं टेस्ट किट आणा आणि अमोनिया, नायट्राइट दोन्ही रोज मोजा. दोन्ही शून्यावर येऊन आठवडाभर तसेच राहिल्याशिवाय नवा मासा आणू नका.