माती आपली आपण गेली, असे सांगावे

कऱ्हाड-पाटणमार्गे कुंभार्ली घाट उतरून गुहागरच्या बाजूला, खाडीकाठच्या डोंगरउतारावर बंगल्यांची योजना उभारू इच्छिणाऱ्या सातारकर बांधकाम व्यावसायिकांच्या सोयीसाठी हा सल्ला देत आहे.

सर्वप्रथम मुहूर्त सांभाळावा. उतारावरील सगळी झाडी मे महिन्याच्या अखेरीस एकदमच साफ करावी. जमीन टप्प्याटप्प्याने मोकळी केली तर जेसीबीचे भाडे वाढते, आणि वर्षाकाठी ३००० मिलिमीटरच्या घरात पडणाऱ्या पावसाला उघडी तांबडी माती आयती मिळत नाही. खोदलेल्या मातीचा ढीग खाडीकडे उतरणाऱ्या वहाळाच्या (ओढ्याच्या) अगदी काठावर लावावा, म्हणजे तो उचलण्याचा खर्च पहिल्या दोन सरींतच वाचतो.

कांदळवनाला, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीच्या जंगलाला, मात्र हात लावू नये. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कांदळवनाचा नाश हा जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला असून भोवतीच्या ५० मीटरच्या पट्ट्यात बांधकाम करण्यास आणि राडारोडा टाकण्यास मनाई केली आहे. आपण तेथे काहीच टाकायचे नाही. वरून आलेला गढूळ लोंढा ते काम बिनबोभाट करतो. तिवर या खारफुटीच्या झाडाची श्वासमुळे चिखलातून बोटभर वर डोकावतात आणि ओहोटीच्या वेळी त्यांच्या बारीक छिद्रांतून हवा आत घेतात. त्यांवर वीतभर गाळ साचला की झाड उभ्या उभ्या वाळते. कुऱ्हाडीचा घाव कोठेच नसल्याने पंचनाम्यात लिहायला फारसे काही उरत नाही. तिवर तोडला तर गुन्हा होतो, गुदमरला तर पाऊस फार झाला असे म्हणता येते.

चिकणमातीचे कण गोड्या पाण्यात दिवसेंदिवस तरंगत राहतात. खारे पाणी भेटताच ते एकमेकांना चिकटून तळाशी बसतात. हे नेमके खाडीच्या मुखाशी, जेथे माशांची पिल्ले वाढतात आणि बायका ओहोटीला तिसऱ्या नावाचे शिंपले वेचतात तेथे घडते, याला आपण काय करणार? तिसऱ्या पाणी गाळून पोट भरतात, तेव्हा गाळ त्यांना परका नसावा, असे म्हणून पाहावे. मिक्सर धुतलेले पाणीही त्याच वहाळात सोडावे. सिमेंटमुळे ते इतके अल्कधर्मी होते की माशांचे कल्ले भाजतात. पण मासे तक्रार अर्ज करीत नाहीत.

उताराला आडवे चर, गाळ बसण्यासाठी खड्डा, खालच्या हद्दीला गाळ अडवणारी जाळी, उघड्या मातीवर पेंढ्याचे आच्छादन, असे कोणी सुचविल्यास हे तंत्रज्ञान आपल्याकडे नाही, असे सांगावे. मात्र आपल्या साताऱ्यातील दुष्काळी माण-खटावच्या माळावर श्रमदानात समतल चर खोदतानाचे, माती अडवा, पाणी जिरवा अशी घोषणा देतानाचे आपले फोटो त्या दिवसापुरते फेसबुकवरून काढून ठेवावेत. तेथील माती आपल्या गावची होती, येथील माती फक्त आपल्या प्लॉटची आहे, हा फरक बाहेरच्या माणसाला पटवून देणे जड जाते.

माहितीपत्रकावर खाडीचे छायाचित्र छापणार असाल तर ते जानेवारीतील, भर भरतीचे आणि काम सुरू होण्यापूर्वीचे निवडावे, आणि ग्राहकांना जागा दाखविण्यासाठी जुलैत मुळीच आणू नये.