प्रश्न तेच म्हणून उत्तर तेच येतं, असं कुणी सांगितलं ओ?

सध्या सोलापूरच्या दोन-तीन ग्रुपवर एक मेसेज जोरात फिरतोय. तब्येतीचे सर्व्हे करायला घरोघरी जायची, कागद वाटायची गरजच नाही, प्रश्न तेच असले की उत्तरं पण तीच येतात, फोन लावा, स्वस्तात काम होतं, आणि तरी फरक आला तर समजायचं लोक खोटं बोलतायत, मग अजून जास्त लोकांना फोन लावा, फरक आपोआप जातो. वाचायला एकदम पटतं, म्हणून तर फॉरवर्ड होतंय.

आधी ते "प्रश्न तेच उत्तर तेच" घ्या. हे अमेरिकेत तपासून झालंय, १९९४ सालीच. एसएफ-३६ म्हणून ३६ प्रश्नांची प्रश्नावली आहे, तब्येत कशी आहे आणि तिच्यामुळे रोजचं जगणं किती अडतं ते ० ते १०० मध्ये मोजते, आकडा जितका वर तितकी तब्येत चांगली. लोकांचे चिठ्ठ्या काढल्यासारखे दोन गट केले, एका गटाला पोस्टाने कागद पाठवले, दुसऱ्याला फोन लावले. प्रश्न सेम, आणि फोनवाल्यांची तब्येत कागदवाल्यांपेक्षा चांगली निघाली! २००७ मध्ये तिथल्याच देशपातळीवरच्या सर्व्हेंची तुलना झाली, त्यातही फोनचा आकडा वर.

आता खोटं बोलण्याचं. सोलापूरच्या पूर्व भागातली एखादी विडी वळणारी बाई डोळ्यासमोर आणा, एका खोलीचं घर, सासू शेजारी बसलेली, फोन मुलाचा आणि तो पण स्पीकरवर. पलीकडून कुणी अनोळखी पोरगी विचारते, आज तुम्हाला चिंता किंवा उदास वाटतंय का, थोडं, मध्यम, की खूप? (ईक्यू-५डी नावाच्या प्रश्नावलीत हा प्रश्न खरंच आहे, आणि तो फक्त आजच्या दिवसापुरता विचारतात.) ती काय म्हणणार? "नाही ओ, बरंय की." मान-पाठ दुखून रात्री झोप नसली तरी बरंय की. याला खोटं म्हणायचं असेल तर आपण सगळेच सकाळ-संध्याकाळ खोटं बोलतो, भेटल्यावर "कसं काय" विचारल्यावर कोण दुखण्याची यादी वाचतं. हाच कागद तिने एकटीने भरला असता तर टिक कदाचित दुसऱ्या चौकटीत गेली असती. अर्थात लिहिता-वाचता येत असेल तर, आणि तिच्या भाषेतला कागद असेल तर, पूर्व भागात घरात तेलुगू बोलणारे किती आहेत ते सोलापूरकराला सांगायला नको.

शिवाय ऐकणं आणि बघणं यातच फरक आहे. ईक्यू-५डी मध्ये एक २० सेंटीमीटरची उभी पट्टी असते, खाली ०, वर १००, आजची तब्येत कुठं आहे तिथं खूण करायची. फोनवर पट्टी दाखवणार कशी? तोंडी सांगावं लागतं आणि माणूस ५०, ७५, ८० असला गोल आकडा सांगून मोकळा होतो. लांबलचक पर्याय वाचून दाखवले तर शेवटचे लक्षात राहतात, कागदावर मात्र वरच्या पर्यायांवर पेन जास्त थांबतं.

स्वस्ताचं थोडक्यात. त्याच १९९४ च्या अभ्यासात फोनच महाग पडला होता आणि प्रतिसाद पण पोस्टाला जास्त, साधारण ७९ टक्के विरुद्ध ६९. आज इथं गणित वेगळं असू शकेल. फोनची एक बाजू मान्य करायला पाहिजे, त्यात प्रश्न रिकामे कमी राहतात, कागदावर लोक सोडून देतात.

सगळ्यात फसवा मुद्दा म्हणजे "जास्त लोक घ्या". मोजपट्टीच दोन बोटं आखूड असेल तर हजार टॉवेल मोजा नाहीतर लाख, प्रत्येक टॉवेल चुकीचाच भरणार, फक्त तुम्हाला त्या चुकीबद्दल खात्री जास्त वाटणार. सँपल मोठं केल्याने योगायोगाची चूक कमी होते, एकाच बाजूला झुकलेली चूक तशीच राहते.

आणि हे सगळं कुठं महागात पडतं, तर योजनेच्या आधीचा सर्व्हे कागदावर आणि नंतरचा फोनवर केला की. आकडा वर जातो, फोटो निघतात, "आरोग्य सुधारलं" म्हणून बातमी येते, आणि बाईची पाठ तशीच दुखत असते. गंमत म्हणजे कागदाऐवजी टॅबवर स्वतः भरलं तर आकडे जवळपास जुळतात, तसं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. मशीन बदलल्याने एवढं बिघडत नाही, पलीकडे ऐकणारा माणूस आला की उत्तर हलतं. म्हणून फोनवर करायचंच असेल तर खुशाल करा, पण आधीचा पण फोनवरच करा, आणि रिपोर्टमध्ये कसं विचारलं ते आकड्याच्या शेजारीच छापा.