झाडाचे वय कमी सांगावे

जंगलतोड थांबवण्याची तळमळ असलेल्या मुंबईकराने पहिली गोष्ट ध्यानात ठेवावी, ती ही की जंगलतोड नेहमी दुसरीकडे होत असते. ती ॲमेझॉनच्या खोऱ्यात होते, इंडोनेशियात पामतेलासाठी होते (ते तेल आपल्याच फरसाणात आणि बिस्किटांत मुरलेले असते, पण तो विषय वेगळा), फार तर गडचिरोलीत खाणींपाशी होते. आपल्या फाटकाच्या आत जे होते त्याला ‘बाधित झाड काढणे’ असे म्हणतात आणि त्यासाठी रीतसर अर्ज करावा लागतो. हा भेद एकदा मनात पक्का झाला, की माणूस सकाळी व्हॉट्सॲपवर ॲमेझॉनसाठी हळहळू शकतो, संध्याकाळी सोसायटीच्या सभेत चार गाड्यांच्या जागेसाठी हात वर करू शकतो, आणि दोन्ही वेळी त्याचे अंतःकरण निर्मळच असते. आमच्या आवारातील पर्जन्यवृक्षाच्या निमित्ताने या विषयाचा मला जो काही अनुभव मिळाला, तो गरजूंच्या उपयोगी पडावा म्हणून येथे देत आहे.

झाडे लावण्याचा मुहूर्त 5 जून, म्हणजे जागतिक पर्यावरण दिन, हाच धरावा. मुंबईत मोसमी पाऊस साधारणपणे 11 जूनच्या सुमारास येतो, त्यामुळे मधल्या सहा दिवसांत रोपाला पाणी कोण घालणार हा प्रश्न उरतो, परंतु तो कार्यक्रमपत्रिकेत नसल्यामुळे कोणी विचारत नाही. रोप एक असावे आणि त्याला हात लावणारे निदान नऊजण असावेत. आकड्यांची मात्र हयगय करू नये. 2016 साली राज्याने 2 कोटी झाडे लावण्याचा संकल्प सोडला, पुढच्या वर्षी 4 कोटींचा, मग 13 कोटींचा आणि 2019 साली 33 कोटींचा. लावलेल्या झाडांची गणती करणे हे जगलेल्या झाडांची गणती करण्यापेक्षा पुष्कळच सुखाचे काम आहे, आणि 33 कोटी या संख्येला आपल्याकडे आधीपासूनच एक आध्यात्मिक वजन आहे.

उभ्या असलेल्या झाडाचे काय करावे, हा प्रश्न अधिक नाजूक आहे. आमच्या पर्जन्यवृक्षाच्या बुंध्याभोवती पूर्वी चार हात मातीचे आळे होते. तेथे चिखल होतो, चिखलात डास होतात आणि डासांमुळे सोसायटीचे नाव खराब होते, असे ठरून आवारभर पेव्हर ब्लॉक बसवण्यात आले. शेवटची ओळ बसेना, तेव्हा वर आलेले एक जाड मूळ गवंड्याने छिन्नीने तासून सपाट केले. 1975 च्या महाराष्ट्र नागरी क्षेत्र वृक्ष संरक्षण कायद्यात झाड ‘तोडणे’ या शब्दात ते जाळणे आणि त्याला कोणत्याही प्रकारे इजा करणे याचाही समावेश आहे, हे मला ठाऊक होते. पण गवंड्याशेजारी चहाचा कप धरून उभ्या असलेल्या खजिनदारांना त्या क्षणी ते सांगणे म्हणजे रसभंग झाला असता. मुळांना हवा आणि पाणी मिळेनासे झाले की झाड आतून खंगते, आणि मग एखाद्या जुलैत त्याची फांदी खाली येते. आमची फांदी एका स्कूटरवर आली. त्या दिवसापासून झाड ‘धोकादायक’ झाले आणि पुढच्या अर्जातील पहिले वाक्य आपोआप तयार झाले. संयम असावा तो असा.

घराचे नूतनीकरण करणाऱ्यांनी जुन्या ओट्याचा आणि फरशीचा राडारोडा कोठे जातो, हे कंत्राटदाराला चुकूनही विचारू नये. तो रात्री जातो, एवढी माहिती पुरे आहे. पुराचे पाणी सामावून घेणाऱ्या खाडीकाठच्या तिवरांवर (म्हणजे खारफुटीवर) भरणी पडत राहिली की काही वर्षांत तेथे ‘मोकळी जमीन’ दिसू लागते, आणि मोकळ्या जमिनीवर तिवरे होती असे म्हणणारा माणूस वेडगळ वाटतो. उच्च न्यायालयाने 2018 साली राज्यभरातील तिवरांच्या तोडीला बंदी केली आणि त्यांच्याभोवतीची 50 मीटरची पट्टीही मोकळी ठेवायला सांगितली, हे खरे. पण आपली फरशी काही तीवर तोडत नाही, ती फक्त त्याच्या मुळांवर जाऊन पडते. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा कमरेएवढ्या पाण्यातून चालताना आपण सर्वांनी मिठी नदीला मनसोक्त नावे ठेवली होती. तशीच व्यवस्था पुढेही करता येईल.

रात्री लवकर झोपणे हेही वनसंवर्धनाला पोषक असते. 4 ऑक्टोबर 2019 रोजी शुक्रवारी आरे कॉलनीत मेट्रोच्या कारशेडसाठी होणाऱ्या वृक्षतोडीविरुद्धच्या याचिका उच्च न्यायालयाने फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. सोमवारी सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवायला सांगितले, तोपर्यंत 2,141 झाडे पडलेली होती आणि 29 आंदोलकांना अटक झालेली होती. ती माणसे त्या रात्री जागी राहिली नसती तर त्यांच्यावर ही वेळ आली नसती. तेथील वारली पाड्यांवर वाघोबाला पूजतात आणि बिबट्याचे शेजारपण पिढ्यान्‌पिढ्या निभावतात, यावर आपण सुंदर लेख वाचलेले आहेत. तेवढे योगदान पुष्कळ झाले.

समूहाने काय करावे, असेही काही वाचक विचारतात. या बाबतीत गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावाचे उदाहरण वारंवार दिले जाते, म्हणून त्यापासून सावध करणे माझे कर्तव्य आहे. त्या गावाला वनहक्क कायद्याखाली 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तेथे ग्रामसभेत निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वांची सहमती होईपर्यंत चर्चा चालते, आणि चर्चेआधी माणसे अभ्यासगटात बसून विषय समजून घेतात. हे सारे आपल्याला परवडणारे नाही. आपल्याकडे सोसायटीची वार्षिक सभा गणपूर्तीअभावी अर्धा तास तहकूब होते आणि मग त्याच जागी, गणपूर्तीची अट नसताना, सातजणांच्या उपस्थितीत सुरू होते. आमच्या झाडाचा ठराव याच पद्धतीने, समोसे येण्याच्या आत संमत झाला. पहिल्या मजल्यावरच्या काकू तेवढ्या म्हणाल्या, “दुपारी माझ्या ओट्यावर त्याची सावली येते हो.” परंतु सावली इतिवृत्तात कोणत्या शीर्षकाखाली लिहावी याबद्दल एकमत झाले नाही.

आता नोटिशीविषयी. झाड तोडण्याचा अर्ज आला की पालिकेचा उद्यान विभाग झाडावर नोटीस लावतो आणि नागरिकांना आक्षेप घेण्यासाठी सात दिवस देतो. झाड वाचवू पाहणाऱ्या सामान्य माणसाच्या हातात असलेली ही बहुधा सर्वांत स्वस्त गोष्ट आहे: एक कागद, एक सही, झाडाचा क्रमांक आणि दोन ओळींचे कारण. म्हणूनच ती टाळावी. आमची नोटीस प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खोडाला खिळ्याने ठोकलेली आहे, आणि खिळा चांगला मजबूत असल्यामुळे वॉचमन त्याच्यावर आपला ओला टॉवेल वाळत घालतो. टॉवेल वाळला की नोटीस वाचता येते. पण त्या वेळी आपण कार्यालयात असतो. मी एकदा ती वाचत उभा असताना सेक्रेटरी आले आणि अत्यंत आपुलकीने म्हणाले, “अहो, आक्षेप घ्यायचा म्हणजे आपल्याच सोसायटीविरुद्ध. बरं दिसेल का ते?”

अर्ज करणाऱ्यांसाठी मात्र माझ्याकडे एकच सूचना आहे, आणि ती वधूवर सूचक मंडळात कामाचा अनुभव असलेल्यांना चटकन समजेल. झाडाचे वय कमी सांगावे. 2021 च्या कायदादुरुस्तीनुसार 50 वर्षे किंवा त्याहून अधिक वयाचे झाड प्राचीन वृक्ष ठरते, आणि कोणतेही झाड तोडले तर त्याच्या वयाच्या वर्षांइतकी झाडे लावावी लागतात. आमच्या पर्जन्यवृक्षाचे वय अर्जात 35 लिहिलेले आहे. त्याचा बुंधा तीन माणसांच्या कवेत येत नाही हे खरे, पण काहींची अंगकाठीच तशी असते.

अडचण एवढीच आहे की सोसायटीच्या कार्यालयात भूमिपूजनाचा एक कृष्णधवल फोटो आहे. साल 1968. मध्यभागी नारळ हातात घेतलेले संस्थापक अध्यक्ष, डावीकडे भटजी, आणि भटजींची छत्री ज्याला टेकवून ठेवली आहे ते, तेव्हाच मांडीएवढ्या बुंध्याचे, आमचे झाड. उद्यान विभागाची माणसे पुन्हा पाहणीला येण्यापूर्वी कार्यालयाला रंग द्यावा असे समितीने ठरवले आणि खबरदारी म्हणून फोटो माझ्याकडे सोपवला. आज नोटिशीचा पाचवा दिवस आहे. येता-जाता नजर पडू नये म्हणून मी तो कपाटावर भिंतीकडे तोंड करून ठेवला आहे. पण त्याच्या मागच्या पुठ्ठ्यावर कोणीतरी शाईने ठळक तारीख लिहून ठेवलेली आहे, आणि आता नेमकी तीच तेवढी दिसते.