चालत्या वाइल्डफ्लायची फाइल हाताने बदलू नका

वाइल्डफ्लाय हा जावा ॲप्लिकेशन चालवणारा सर्व्हर. 'वाइल्डफ्लायची कुठलीही सेटिंग पाच मिनिटांत बदला' असा एक मेसेज गोव्यातल्या कॉलेजांच्या ग्रुपांवर फिरतोय. फोंड्याला इंजिनिअरिंग शिकणारी माझी भाची प्रोजेक्टच्या सर्व्हरवर अगदी तसंच करायला निघाली होती. म्हणून हे लिहितोय.

'सर्व्हर चालू असतानाच स्टँडअलोन डॉट एक्सएमएल उघडा, बदला, सेव्ह करा.' त्या मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला हाच. स्टँडअलोन डॉट एक्सएमएल ही वाइल्डफ्लायच्या सेटिंगची फाइल. सर्व्हर ती फाइल बूट होताना वाचतो आणि पुढे मेमरीतल्या मॉडेलवर, म्हणजे त्या सेटिंगच्या मेमरीतल्या प्रतीवर, चालतो. तुम्ही सेव्ह केल्यावर दुसऱ्या कोणी ॲडमिन कन्सोलवरून (सर्व्हर सांभाळायच्या वेब पानावरून) डेटासोर्स (डेटाबेसची जोडणी) जोडला किंवा नुसती लॉगची लेव्हल बदलली, की सर्व्हर मेमरीतलं अख्खं मॉडेल त्याच फाइलवर लिहितो. तुमची ओळ गेली! मधे कोणी हात लावला नाही आणि सर्व्हर रिलोड केला, तर बदल लागू होतो हे मान्य. त्यामुळेच हा सल्ला खरा वाटतो. पण एका सर्व्हरवर चौघं काम करत असतील तर अशा योगायोगावर विसंबायचं? बदल जेबॉस-सीएलआयमधून, म्हणजे वाइल्डफ्लायला कमांड द्यायच्या साधनातून, करा. वाइल्डफ्लायचं अधिकृत ॲडमिन गाइड वाचा: असा बदल झाला की आधीच्या फाइलची प्रत 'स्टँडअलोन एक्सएमएल हिस्टरी' या फोल्डरात राहते, म्हणजे मागे फिरता येतं. फाइल हातानेच बदलायची असेल तर आधी सर्व्हर बंद करा.

'-डी दिलं की फाइलमधलं काहीही ओव्हरराइड होतं.' अर्धंच खरं. -डी म्हणजे सर्व्हर सुरू करतानाच्या कमांडमध्ये एखाद्या प्रॉपर्टीची किंमत देणं. मूळ फाइलमध्ये पोर्टच्या जागी डॉलर आणि महिरपी कंसात 'जेबॉस डॉट एचटीटीपी डॉट पोर्ट', पुढे कोलन आणि 8080 असं लिहिलेलं असतं. म्हणून तिथे -डी चालतं. कोणी ते काढून नुसतं 8080 लिहिलं असेल, तर या प्रॉपर्टीला कितीही किंमत द्या, पोर्ट 8080च राहणार. एकाच मशीनवर दोन सर्व्हर हवेत तर पोर्ट-ऑफसेट 100 द्या, म्हणजे प्रत्येक पोर्टच्या आकड्यात 100 मिळवले जातात. 8080चं 8180 होतं, मॅनेजमेंटच्या 9990चं 10090.

वाइल्डफ्लायसोबतच येणाऱ्या मॉड्यूल्सच्या 'बेस' लेयरमधल्या जार (जावा लायब्ररीच्या फाइली) बदलायचा सल्ला तर वाचूच नका. नवी आवृत्ती टाकली की ते सगळं पुसलं जातं. आपलं मॉड्यूल वेगळ्या फोल्डरात ठेवा.

शेवटी म्हणे 'बाहेरून उघडत नसेल तर दोन्ही पत्ते 0.0.0.0 करा', म्हणजे ॲप्लिकेशन आणि मॅनेजमेंट दोन्ही मशीनच्या सगळ्या नेटवर्क पत्त्यांवर उघडा. ॲप्लिकेशनचा करा, गरज असेल तर. मॅनेजमेंटचा 9990 मुळात 127.0.0.1वर, म्हणजे फक्त त्याच मशीनवरून उघडेल असा, बांधलेला असतो, आणि तो मुद्दाम. पासवर्ड आहे म्हणून ॲडमिन कन्सोल जगापुढे उघडा टाकायचा नसतो. पर्वरीतल्या घरून कॉलेजच्या सर्व्हरवर काम करायचं असेल तर एसएसएच टनेल, म्हणजे त्या मशीनपर्यंतचा एन्क्रिप्टेड मार्ग, काढा.