डाव्या कानाचं रबर

आज इअरबडचं रबर परत पडलं. बेळगावच्या खडेबाजारात, भर गर्दीत, डाव्या कानातनं सटकलं, टप्पा खाल्ला आणि सरळ गटारात. या पावसाळ्यातलं चौथं. एक बरं झालं म्हणा, त्या रबरावर आदल्या रात्री अर्धा तास दाढीचं ब्लेड चालवलं होतं, ते आता परत डोळ्यासमोर तरी येणार नाही.

मला एक सांगा. दोन हजार मोजून इअरबड घ्यायचे आणि डब्यात रबराची मापं किती? तीन. लहान, मधलं, मोठं. अख्ख्या जगाच्या कानांचा हिशेब तीन मापांत उरकला! अहो, आमच्याकडं कासाराकडं गेलं तर बांगडी दोन-चार हवी की दोन-सहा, तो मनगट दाबून सांगतो. दोन-चार आणि दोन-सहा यांत फरक किती, तर इंचाचा आठवा भाग. तेवढ्यानं बांगडी एकतर चढत नाही, नाहीतर भांडी घासताना निघून पडते, हे कासाराला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. कानाचं यंत्र बनवणाऱ्याला अजून पत्ता नाही.

बरं, तिन्ही मापं गोल. कान कुठं गोल असतो? कानाची नळी अडीच सेंटिमीटरच्या आसपास लांब, तोंडाशी अंडाकृती आणि आत जाताना वळण घेणारी. डावी-उजवी सारखीच असेल असंही नाही. माझ्या उजव्या कानात मधलं रबर झक्कास बसतंय. डाव्यात मधलं ढिलं, मोठं घातलं तर पाच मिनिटांत ठणका, आणि तोंडात चार चुरमुरे टाकले की जबड्याबरोबर हळूहळू बाहेर. 1956 पासून आमचा बेळगाव जिल्हा महाराष्ट्रात बसतोय की कर्नाटकात याचा निकाल नाही, 2004 पासून ते प्रकरण सुप्रीम कोर्टात आहे. त्याच्या आधी माझ्या डाव्या कानाचं तरी काही ठरेल असं वाटलं होतं.

लोक म्हणतात, एवढं काय त्यात, जरा ढिलं असलं तर असू दे की. असू दे कसं? मी राहतो वडगावात. भिंतीपलीकडं पॉवरलूम. सकाळपासनं रात्रीपर्यंत खटाखट खटाखट. मी दिवसातला एक तास मागतो, आपल्या सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांना ऐकायला. रबर कानात घट्ट बसलं नाही की पहिला पळतो खालचा आवाज. तंबोऱ्याची जवारी झणझणत राहते, पण खर्जाची तार, ती 70 हर्ट्झच्या आसपासची, फटीतनं निघून जाते. तबल्याचा डग्गा म्हणजे कुणीतरी पुठ्ठ्यावर टिचक्या मारतंय. आणि त्याच फटीतनं पलीकडचं लूम आत येतंय. मग माणूस आवाज वाढवतो, वरच्या पट्टीचं सगळं कानात टोचायला लागतं, डोकं दुखतं, आणि खर्ज तरीही नाहीच. एका कानात मैफल, दुसऱ्या कानात माग.

दुकानात गेलो. म्हटलं, नुसतं डाव्या कानातलं रबर पाहिजे, मधल्या आणि मोठ्याच्या मधलं. पोरगं मोबाइलमधनं मान वर न काढता म्हणतंय, ‘बेरे साइज इल्ल री,’ म्हणजे दुसरं माप नाही. मग माझ्याकडं बघून मराठीत, ‘हेच बसतंय की काका, दाबून घाला.’ दाबून घाला! काय पोत्यात तांदूळ भरायचाय? शेवटी साठ रुपयांना सहा जोड्यांचं पाकीट माथी मारलं. घरी आल्यावर कळलं, सगळ्यांचं भोक मोठं, इअरबडच्या नळीवर टिकतच नाहीत. घरात बायको विचारते, ‘कानातलं आणायला गेला होता ना? कुणासाठी?’ तिला वाटलं कुड्या.

मग सुरू झाली माझी कारागिरी. एका व्हिडिओत सांगितलं, गरम पाण्यात टाका, कानाचा आकार घेतं. उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवलं. सिलिकॉन ते, दोनशे डिग्रीला ढिम्म हलत नाही, चहाच्या पातेल्याला काय दाद देणार? दुसऱ्यानं सांगितलं दोन रबरं फेविक्विकनं चिकटवा. बोटं चिकटली. रबर नाही चिकटलं, कारण सिलिकॉनला तो गोंद धरतच नाही. ब्लेडनं कड तिरकी कापून बघितली. आकार जमला, पण कापलेली कड इतकी बोचरी की रात्री कान लाल. रबर उलटं करून घातलं, छत्री वाऱ्यानं उलटते तसं; आवाज भरला, पण खिशातनं काढेपर्यंत परत सुलटं. लहान रबर मोठ्याच्या पोटात घालून बघितलं. बसलं, एकदम घट्ट बसलं, आणि इअरबड ओढला तर रबर आतच राहिलं. मग नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडं. त्यांनी चिमट्यानं काढलं, समोर ट्रेमध्ये ठेवलं आणि म्हणाले, ‘पोरं मणी घालतात, शेंगदाणे घालतात. तुमचं वय काय?’ रबरापेक्षा फी जास्त झाली ते वेगळंच.

त्यानंतर मात्र अक्कल आली. दोन गोष्टी केल्या. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी असते ना बारीक, तिचं दोन मिलिमीटरचं कडं कापून इअरबडच्या नळीवर चढवलं. त्यामुळं रबर घट्ट धरून बसलं, निसटून आत राहायची भीती गेली. आणि हार्डवेअरच्या दुकानात कारखान्यातल्या कामगारांसाठी पिवळी फोमची बोळी मिळतात, दहा रुपयांना जोडी, त्यातली चकती कापून, मधे भोक पाडून, रबराच्या छत्रीखाली भरली. आवाज येतो त्या भोकात फोम जाऊ द्यायचा नाही, नाहीतर वरचे सूर बसतात, सगळं गोधडीतनं ऐकल्यासारखं. आता घालताना कानाची पाळी वर आणि मागं ओढायची, रबर आत सरकवायचं, सोडायचं. फोम हळूहळू फुगतो, आणि छत्री कानाच्या वेड्यावाकड्या भिंतीला जाऊन टेकते.

आणि खर्ज आला. खरंच आला! लूम गेलं कुठंतरी तिसऱ्या गल्लीत. बारा रुपयांचा सगळा खेळ. मग हे काम मी का करायचं, पन्नाशीला आलेला माणूस, चष्मा लावून, दिव्याखाली, हातात ब्लेड घेऊन? त्या डब्यात कागदी माहितीपत्रकं अकरा भाषांत घालतात, एक फोमचं रबर घालायला काय झालं? डावं-उजवं वेगळं विकायला काय झालं? माझ्याकडं आता लाडवाचा एक रिकामा डबा भरून रबरं आहेत, सगळी उजव्या कानाची.

आणि खरा संताप तर पुढं आहे. फोम भरल्यावर रबर झालं जाड, कड्यानं झालं लांब. इअरबड चार्जिंगच्या डबीत पुरता बसत नाही, झाकण लागत नाही, तळाची पिन टेकत नाही. झाकणाला दुधाच्या पिशवीचा रबरबँड लावून रात्रभर ठेवलं. सकाळी बघतो तर उजवा शंभर टक्के. डावा मेलेला.